आकडा तसाच ठेवला

मिस्त्रीजी, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि मी अजूनही राइस मिलसमोरून जाताना गाडीची काच खाली करतो. आमगावच्या मिलमध्ये तुम्ही मला डोळे मिटायला लावून विचारायचात, "आयकून नाही राहिला का बे? कोणतं बेअरिंग रडते?" त्याच कानांच्या जोरावर मी पुढे कम्प्युटर शिकलो आणि मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारी लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे, एकदा लिहून ठेवलेलं काम, जे दुसऱ्यांचे प्रोग्राम येऊन वापरतात. सगळ्यांना खुली, फुकट. "फुकट कायले?" असं तुम्ही विचारलंच असतं.

तिच्या आवृत्तीच्या आकड्यात पुढे शून्य आहे. आमच्या कामात त्याचा अर्थ, प्रयोग चालू आहे, उद्या काहीही बदलेल. आठ वर्षं शून्यच. दुसरा एक आकडा फाइलच्या नावात असतो. प्रोग्राम सुरू होताना तो बघतो आणि जुळला की निर्धास्त होतो. म्हणून उत्तर द्यायची पद्धत बदलली, तर तो आकडा बदलायचा. मग जुने प्रोग्राम सुरूच होत नाहीत. लोक शिव्या देतात, पण फसत नाहीत. या उन्हाळ्यात मी मशीनची घरघर शंभरापैकी सांगायची सोडून एकापैकी सांगायला लागलो. शिव्या नकोत म्हणून आकडा तसाच ठेवला. शून्य आहेच की पुढे, म्हटलं. आमगावजवळच्याच एका मिलमधला प्रोग्राम सत्तरच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा. आकडा जुळला म्हणून त्यानं माझी नवी प्रत बिनतक्रार घेतली. बेअरिंग ओरडत होतं, माझी लायब्ररी नव्वदच्या जागी पॉइंट नऊ सांगत होती, आणि प्रोग्रामच्या लेखी सगळं शांत होतं. बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटून ऑपरेटरच्या हातावर बसला. दोन बोटं गेली.

ओळखीचे म्हणतात, तुझी चूक नाही. हमी नाही असं तू लिहूनच दिलं होतंस. मला मात्र वेगळाच दिवस दिसतो. मी नवा फिटर, माझ्या हातची चाळणी बसवली आहे आणि वर खडूनं 'ट्रायल' लिहिलं आहे. महिन्यानं तुम्ही येता, बाहीनं ते पुसता. "महिनाभर लोकं याच्यावर तांदूळ काढून राहिले, अन् तू अजून ट्रायल लिवून बसला? हे आता तुहं काम हाय." सगळी मिल हसते. मीही हसलो होतो.

दुरुस्ती मी त्याच दिवशी टाकली. पण त्याआधीच्या चुकीच्या प्रती कुठे कुठे गेल्या, कोण कुठे सगळं शांत समजून मशीनजवळ उभा आहे, ते कळायचा मार्ग नाही. इतक्या लांबचं मला ऐकू येत नाही, मिस्त्रीजी.

परवा त्या ऑपरेटरच्या घरी गेलो. त्यानं डाव्या हातानं चहा पुढे केला. "भाऊ, मशीन रडून राहिली, हे मी आयकलं होतं. पण भोंग्याचा डब्बा बोलला नाही, तं मले वाटलं, माहेच कान गेले. तुमी कम्प्युटरवाले, तुमीच सांगा, डब्बा काऊन नाही बोलला?"

मी म्हणालो, "पाहावं लागेल."

पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे सगळं त्याला सांगायचं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.