तिकीट लावलेला अर्ज

अप्पा, तुमच्या नातीला या आठवड्यात अकराव्या फर्मनं नाही म्हटलं. तुम्ही गेलात तेव्हा ती सात वर्षांची होती, तुमच्या मांडीवर बसून शिक्क्याच्या शाईत बोटं बुडवायची. आता वकील झाली आहे, निदान कागदावर तरी. मुंबईतल्या मोठ्या फर्मांमध्ये शिकाऊ वकिलांच्या जागा असतात. दोन वर्षं हाताखाली घेतात, पगार देतात आणि पुढं बहुतेकांना तिथंच ठेवून घेतात. जागा मूठभर आणि अर्ज पोत्यानं. या खेपेला ती मुलाखतीच्या तीन फेऱ्या पार करून गेली होती, म्हणून जास्त लागलं. चार दिवस झाले, नांदेडच्या या घरात ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. केस विंचरत नव्हती. भाजी काय करू विचारलं तर "काहीही" म्हणायची. तुम्हाला हे सगळं ओळखीचं वाटेल. लातूरच्या घरात मीही अशीच पडले होते आणि तुम्ही दारात उभे राहून, आत न येता, परत जात होता.

त्याच दिवसांतली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं समोर होता आणि जाऊनही आता सोळा वर्षं झाली, तरी राहिली. कोर्टात रोज दुसऱ्यांची बाजू मांडताना माझी जीभ अडखळत नाही, स्वतःच्या वेळी मात्र मूग गिळून बसले. आज रविवार आहे, दुपार आहे, पोरगी पलीकडच्या खोलीत आहे. आधी तुमची आठवण मनासारखी काढून घेते, मग सांगते. अवघड मुद्दा शेवटी ठेवायचा ही वकिलाची खोड, आणि ती तुमच्याच साहेबांकडून घेतलेली.

लातूरच्या कोर्टात एकाच वकीलसाहेबांचे मुन्शी म्हणून तुम्ही तीस वर्षं काढलीत. रेणापूरकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन आलेला माणूस, पण कुठल्या कागदामागं कुठला कागद लागतो हे साहेबसुद्धा तुम्हाला विचारायचे. कपाळावर विभूती, पांढरा शर्ट आणि खिशात फडक्यात गुंडाळलेलं दाभण. त्या दाभणानं दर महिन्याला एक खिसा फाटायचा आणि आई तो शिवता शिवता तुमचा उद्धार करायची. मी शाळा सुटल्यावर कोर्टात यायचे तेव्हा तुम्ही लिंबाच्या पारावर बसून गठ्ठे शिवत असायचा. कागदांच्या कडा मांडीवर आपटून सारख्या करायच्या, डावीकडं तीन भोकं पाडायची, दोरा ओवायचा, गाठ मागच्या बाजूला. पानांवर लाल शाईनं आकडे टाकायचे. कुठं खाडाखोड झाली तर बाजूला बारीक सही करायची. "खोडलं तर खोडलं म्हनावं," तुम्ही म्हणायचा. "सही न्हाई केली तर लोकाला वाटतं लपवून राहिला."

आणि ते ऑब्जेक्शन! दाखल करायला दिलेला दावा खिडकीवरचा कारकून परत फेकायचा. सातव्या पानावर सही नाही, यादी जोडली नाही, कोर्ट फीचं तिकीट कमी लावलं. बाकीचे मुन्शी त्याच्या नावानं बोटं मोडायचे. तुम्ही मात्र चष्मा पुसून त्याची चिठ्ठी अशी वाचायचा, जसं गावाकडून पत्र आलंय. मी एकदा विचारलं, तुम्हाला राग कसा येत नाही? तुम्ही म्हणालात, "राग कामून? कागद परत आला म्हंजी कुनीतरी वाचला, माय. वाचलाच न्हाई तर ऑब्जेक्शन कुठून काढंल?" मग एकेक त्रुटी दूर करायची आणि खिडकी बंद व्हायच्या आत कागद पुन्हा आत द्यायचा. तुमच्या हातचा कागद तिसऱ्यांदा परत आलेला मी पाहिला नाही.

मी नांदेडला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर मुंबईच्या एका फर्मची जाहिरात लागली. दिवाळीला घरी आल्यावर मी तुम्हाला ती दाखवली. अर्ज इंग्रजीत टाइप करून घेते म्हणत होते, पण तुम्ही ऐकता का? "वकिलाचंच हाफिस हाय ना ते? वकिलाच्या दारात कागद कसा न्यायचा ते मला न्हाई ठावं तर कुनाला?" दोन दिवस तुम्ही कोर्टात गेला नाहीत. एवढ्या वर्षांत आईच्या आजारपणातही तुम्ही सलग दोन दिवस घरी राहिला नव्हता. निघताना तुम्ही एक खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. प्राचार्यांचं शिफारसपत्र नांदेडला घालायचं होतं म्हणून ते चिकटवलेलं नव्हतं. "रजिस्टर कर. आन् पोच आली की मला आनून दे."

अहमदपूरच्या पुढं एसटीत मी ते पाकीट उघडलं. कोर्टात लागतो तो हिरवा कागद, त्यावर तुमचं तिरपं, देखणं मराठी अक्षर. "अर्जदार क्रमांक १" म्हणून माझं नाव, जरी क्रमांक दोन कुणी नव्हता. गुणपत्रिकांवर कोर्टातल्या पुराव्यासारखे निशाणी क्रमांक टाकलेले, मागं यादी, तीन टाक्यांची शिलाई. आणि पहिल्या पानाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, खळ लावून चिकटवलेलं कोर्ट फीचं तिकीट. खासगी फर्मच्या अर्जाला, अप्पा! मला शेजारच्या बाईपासूनसुद्धा पाकीट लपवावंसं वाटलं. तिकिटाची लाज वाटली, हिरव्या कागदाची वाटली आणि खरं सांगते, तुमचीही वाटली. मी पुढचं पान उलटलं नाही.

वजिराबादच्या एका डीटीपीच्या दुकानात मी एक पानाचा इंग्रजी अर्ज टाइप करून घेतला. गुणपत्रिकांच्या दुसऱ्या प्रती माझ्याकडं होत्याच. तो अर्ज नव्या पाकिटात घालून रजिस्टर केला. तुमचा गठ्ठा होस्टेलच्या पेटीत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिला. पोच आली, ती मी तुम्हाला आणून दिली आणि तुम्ही ते कार्ड खिशातल्या डायरीत ठेवून अख्ख्या कोर्टाला दाखवत फिरलात. चहावाल्यालासुद्धा. "पोरीचा कागद मुंबईत पोचला. म्या शिवलेला." मी तिथंच उभी होते. तेव्हा बोलले असते तर तुम्ही थोडं हिरमुसला असता आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगितली असती.

नकाराचं पत्र लातूरच्या पत्त्यावर आलं. इंग्रजीत तीन ओळी. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, मी परातीजवळ बसले होते आणि तुम्ही ते पत्र उलटंसुलटं करून पाहत होता. मागची बाजू कोरी पाहून तुम्ही पाकिटात बोट घालून पाहिलंत. "ऑब्जेक्शन काय हाय?"

"काही लिहिलेलं नाही, अप्पा."

"कारन न देता कागद परत करत्यात व्हय? असं कसं चालंल?"  मग चाचरत विचारलंत, "म्या ते तिकीट लावलं होतं... त्यांच्यात चालत नसंल का?"

अप्पा, मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझ्या मनात फक्त एवढंच होतं की मी कमी पडले. माझा अर्ज, माझं इंग्रजी, माझे गुण, सगळं माझंच आणि ते सगळं त्यांना नको होतं. तेवढ्यात तुम्ही स्वतःहून मान पुढं केलीत. मी म्हणाले, "नाहीच चालत. तुमच्या त्या तिकिटामुळंच झालं सगळं. हसले असतील ते लोक." आईचा हात भाकरीवर थांबला. तुम्ही पत्राची घडी घातलीत, माझ्यापुढं ठेवलीत आणि "चुकलंच माझं" म्हणून हात धुवायला उठलात. जेवण व्हायचं होतं तुमचं.

नंतर मी आणखी सात ठिकाणी अर्ज केले. सातही ठिकाणांहून नाही आलं आणि तिथं तर तिकीट नव्हतंच. तुम्ही पाकिटं आणून द्यायचा आणि दारातूनच परत फिरायचा. एकदाही आत डोकावला नाहीत. मग मी पडूनच राहिले. पंधरा दिवस तुम्ही ते बघितलंत आणि एका सकाळी दारातून म्हणालात, "घरी बसून काय करून राहिलीस? चल माझ्यासंगं. काम करू नको, नुसती बस." मी आले ती चिडूनच. पारावर तुमच्या शेजारी तीन दिवस नुसती बसले. चौथ्या दिवशी कुणाचा तरी दावा परत आला, तुम्ही ती चिठ्ठी माझ्याकडं सरकवलीत आणि मी त्रुटी दूर करायला लागले. दुपारी कागद आत गेला तेव्हा मला किती महिन्यांनी भूक लागली होती! आपण दोघांनी आईचे धपाटे खाल्ले आणि मी तुमच्या वाटणीची शेंगाचटणीही संपवली. मी वकील झाले ती त्या पारावर. मुंबईनं नाही म्हटलं त्याचं दुःख तिथंच हळूहळू विरलं. तुमच्या तिकिटावर खापर फोडणाऱ्या माझ्या त्या वाक्यानं ते विरलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

नांदेडला मला एका वकिलांकडं ज्युनिअर म्हणून जागा मिळाली. माझा पहिला दावा घेऊन मी लातूरला आले, मुद्दाम. म्हटलं, अप्पा, हा तुम्ही शिवून द्या. तुम्ही हसलात आणि खिशातून दाभण काढून, फडक्यासकट, माझ्या हातात ठेवलंत. "तूच शीव, माय. माझ्या हातचं तुला लागत न्हाई." तुम्ही ते रागानं म्हणाला नाहीत, हेच वाईट होतं. पथ्य सांगावं तसं म्हणालात. तेव्हा तरी मी सांगायचं होतं. मी पोटभर रडले, पण एसटीत बसल्यावर. तुम्ही गेल्यावर तुमच्या डायरीत ती मुंबईची पोच निघाली. दहा वर्षं तुम्ही ती बाळगलीत.

आता काल काय झालं ते सांगते. पोरगी उठून बसली आणि म्हणाली, "आई, मी कुठं कमी पडले तेवढं तरी त्यांनी सांगावं ना." मला तुम्ही पाकिटात बोट घालून पाहिलेलं आठवलं. तिला हसवावं म्हणून मी कपाटातून तो गठ्ठा काढला. म्हटलं, हे बघ, तुझ्या आजोबांनी मुंबईच्या फर्मला कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज केला होता. ती हसली, अप्पा. "अर्जदार क्रमांक १" वाचून तर पोट धरून हसली. चार दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकू आला आणि तो तुमच्यामुळं. मग ती एकेक पान उलटत मोठ्यानं वाचत गेली. तुमची शिलाई अजून घट्ट आहे, दोरा फक्त पिवळा पडला आहे. शेवटच्या पानावर ती थांबली.

शपथपत्राखाली ओळख द्यावी लागते, या माणसाला मी ओळखतो म्हणून कुणीतरी सही करतं. तशी ओळख तुम्ही माझ्या अर्जाखाली दिली होती. ते पान सव्वीस वर्षं माझ्याच घरात होतं आणि मी ते काल पहिल्यांदा ऐकलं, तेही लेकीच्या तोंडून. "अर्जदार क्रमांक १ हिस मी तिच्या जन्मापासून ओळखतो. अर्जदार खोटे बोलत नाही." खाली तुमची सही.

"मग हा पाठवला का नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, चहा ठेवते.

अप्पा, तुमचा कागद कुणी नाकारला नव्हता. तो मुंबईला गेलाच नव्हता. नाकारला तो माझा, डीटीपीच्या दुकानातला. तुमच्या हाताला दोष नव्हता. सांगायचं होतं ते एवढंच. संध्याकाळी पोरीलाही सांगणार आहे. ती चिडेल आणि चिडली तर बरंच आहे, अंथरुणातून तरी उठेल. उद्या सोमवार, तिला माझ्यासोबत कोर्टात नेईन. काम करू नको, नुसती बस, असं म्हणेन.

आज सकाळी मात्र एक करायला बसले होते. तुमच्या त्या शेवटच्या ओळीत दुरुस्ती करायची, "बोलत नाही" खोडून "बोलते" लिहायचं आणि बाजूला सही करायची, तुम्ही शिकवलं तशी. पेन उघडलं, पान मांडीवर घेतलं. मग पेनाला टोपण लावलं. ती ओळ मी तशीच ठेवली आहे.