नदी परत जाते म्हणे

प्रिय रेघोटी,

आणि त्या नकाशाच्या कोपऱ्यात वर्षांचे जे आकडे पळतात, तेही तूच लावलेस ना? मग ते इतके बारीक कशाला? तुझ्या बाबांना गिऱ्हाईकाच्या मिशीतला एक पांढरा केस लांबून दिसतो, पण ते आकडे दिसत नाहीत. किंवा दिसतात आणि ते बघत नाहीत. तुझ्या त्या हलत्या नकाशाने माझ्या घराचं वाटोळं केलंय. तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हं, हं’ करतेस आणि तेवढ्यात तुला मागून कोणीतरी हाक मारतं. माझी शाळा अर्ध्यात सुटलेली, अक्षर वेडंवाकडं आहे, लावून वाच. हे मी दुकानात, दाढीच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. का, ते शेवटी सांगते.

तू तिकडे बसून बनवलंस आणि मोकळी झालीस. इकडे वाचनालयाशेजारच्या नव्या दालनात ते भिंतभर चालू असतं, संपलं की पुन्हा सुरू. आधी सगळीकडे पाणी. मग पाणी हटतं, चिखल वर येतो, डोंगर पाव फुगावा तसे फुगतात. वरून बर्फ सरकत येतो, दरी खरवडून काढतो आणि वितळून जातो. मग नदी. जमिनीवर दोरा टाकावा तशी. कधी इकडच्या डोंगराला घासते, कधी तिकडच्या, आणि जाईल तिथे माती पसरत जाते. अगदी शेवटी एक लाल ठिपका लुकलुकतो, ते आपलं गाव. मी नेमकी तेव्हाच शिंकले, आणि गाव बघायचं राहिलं. ज्या घरात मी जन्म घालवला त्याला तू एका शिंकेएवढीही जागा दिली नाहीस. असो.

पण बाबांचं डोकं फिरलं ते नदीवरून. नदी आपल्या बाजूला येते आणि मग पलीकडे निघून जाते, एवढंच त्यांनी धरून ठेवलंय. त्यांच्या मते एका गालाची दाढी होईस्तोवर ती येते आणि दुसऱ्या गालाची होईस्तोवर जाते. झालं! तेव्हापासून दुकानात दुसरा विषय नाही. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून समुद्रापासून सुरुवात करतात आणि बर्फ वितळेपर्यंत सोडत नाहीत. मान हलवायची सोय नाही, म्हणून सगळे मुकाट ऐकतात. टायरवाला मला म्हणाला, वहिनी, पूर्वी दाढीला यायचो, आता शाळेत आल्यासारखं वाटतं, फक्त मास्तरांच्या हातात छडी होती, यांच्या हातात पातं आहे.

आता नदीचं खरं काय चाललंय ते ऐक. मागचं आवार गेलं. लिंबाचं झाड गेलं, कपडे वाळत घालायचे खांब गेले. दुकान आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीला तडा पडलाय. त्यावर मी खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवते. पट्टी फाटली की समजायचं, भिंत सरकली. सकाळी उठून बघावं तर फाटलेली असते. बाबा म्हणतात, कागदच हलका आहे. नगरपालिकेने काठावरच्या सगळ्यांसाठी वर चढावर खोल्या बांधल्या. टायरवाला गेला, शिंपीणबाई गेली, आम्हीच उरलो. नगरपालिकेचा साहेब समजवायला येतो. बाबा त्याला खुर्चीत बसवतात, फुकट दाढी करतात आणि सांगतात, नदी परत जाते हे आमच्या मुलीने दाखवलंय, तिच्यापेक्षा तुम्ही शहाणे का? तो बिचारा गुळगुळीत गाल घेऊन निघून जातो.

मला संताप कशाचा येतो सांगू? हे सगळं तू आधीच बोलली होतीस. शेवटची आलीस तेव्हा मागच्या दारात उभी राहून म्हणालीस, हा काठ टिकायचा नाही, घर सोडा. त्यांना ते लागलं. कालपर्यंत माझ्या आरशावर साबणाच्या फेसाने रेघोट्या ओढणारी पोर आज मला घर सोडायला सांगते, असं म्हणाले. तू म्हणालीस, मग बसा चिखलात, आणि बॅग उचललीस. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी ते किती वेळ वस्तऱ्याला धार लावत बसले होते. तेव्हापासून तुमच्या दोघांत माझं भरीत झालंय. त्यांचा निरोप तुला, तुझा त्यांना, आणि त्यातलाही अर्धा मीच बनवलेला. तू ‘बाबा कसे आहेत’ असं विचारत नाहीस, ‘दुकान कसं चाललंय’ विचारतेस. ते लोकांसमोर ‘आमची मुलगी, आमची मुलगी’ करतात आणि माझ्यासमोर तुला ‘ते नकाशावाले’ म्हणतात. जसं काही तुम्ही दहाजण आहात.

मध्येच उठून पट्टी बघून आले. अजून शाबूत आहे. हां, तर काय सांगत होते.

रोज जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून ते दालनात जायला लागले. त्याच त्या नदीत रोज काय बघतात, म्हणून परवा मी गुपचूप मागून गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. नकाशासोबत माहिती सांगणारा तुझा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. इतकं मऊ तू घरात कधी बोललीस? मला वाटलं, कोणी बाई भाड्याने आणली असेल. मग नदी वळली आणि त्या बाईने घसा खाकरला. वाक्य अर्धवट सोडून खाकरली आणि पुढे बोलायला लागली. ते काढून टाकायचं तुम्हा सगळ्या शिकलेल्यांच्या ध्यानातच आलं नाही. मी ताडकन उठले. ती खाकर माझ्या घरातली आहे, ओल्या केसांनी बसायचीस ना, त्यातली. बाबांकडे बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले. समुद्र येऊन गेला, डोंगर झाले, बर्फ वितळला, यांनी काही म्हणजे काही बघितलं नव्हतं. खाकरलीस तेव्हा तेवढी मान वर झाली आणि स्वतःशीच म्हणाले, अजून डोकं नीट पुसत नाही. मग सगळं पहिल्यापासून सुरू होऊन पुन्हा तिथवर येईपर्यंत तसेच बसून राहिले. नदी परत जाते म्हणे! नदीचं यांना काय पडलंय!

आता का लिहिते ते. काल दुपारी मागची खोली गेली. आवाजही फारसा झाला नाही, पोतं खाली टाकल्यासारखा झाला. मी दुकानात टॉवेलांच्या घड्या घालत होते. मधलं दार उघडलं, तर समोर नदी. ज्या खाटेवर ते वर्षानुवर्षं जेवून आडवे व्हायचे, ती खाट पाण्यात उलटी पडलेली. आणि ते तुझ्याकडे होते, तुझी खाकर ऐकायला. म्हणून तुझ्या त्या नकाशाला तोंडभर शिव्याही घालता येत नाहीत मला. आल्यावर त्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, जाईल परत. पण बोलण्यात दम नव्हता. त्यांना आता माघार घ्यायची आहे, फक्त माझ्यासमोर नाही आणि त्या साहेबासमोर तर नाहीच. शनिवारी साहेब वरच्या खोलीची किल्ली घेऊन शेवटचा येणार, नाही म्हटलं तर खोली दुसऱ्याला. तू ये. यायला जमणारच नसेल तर तुझा आवाज भरून पाठव, तुम्ही फोनवर पाठवता तसा. एवढंच बोल की बाबा, वर राहायला जा, मी तिकडे येईन. आणि येईन म्हटलंस तर यायचं. ‘मी म्हटलं होतं’ असं एकदा जरी बोललीस तर याद राख. मध्ये खाकरावंसं वाटलं तर खाकर, ते काढून टाकू नकोस. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं. हो किंवा नाही, ‘हं’ चालणार नाही.

तुझीच,
आई