विश्वासू पत्त्यांची यादी

सोमवार, ४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. ऑनलाइन वाचनालयाची साइट सांभाळायची. हे गेल्यावर दोन वर्षं पुस्तकं वाचून घरीच हे काम शिकले. लेक म्हणते, आई, आता तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय राहिली नाही. खिडकीशी टेबल, टेकायला बरी खुर्ची. वरिष्ठांना सगळे हेडमास्तर म्हणतात. त्यांनाही ते आवडतं.

मंगळवार, ५
हेडमास्तरांनी समजावलं. वाचक थेट आपल्या सर्व्हरवर येत नाही. मध्ये एका मोठ्या कंपनीचे मध्यस्थ सर्व्हर असतात, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. वाचक इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून आला, याची चिठ्ठी ते जोडून पाठवतात. कुणाची चिठ्ठी खरी मानायची, ती यादी आपण करायची. मला यादी जमेना, म्हणून नुसती चांदणीची खूण टाकली. म्हणजे सगळ्यांवर विश्वास. लगेच पत्ते दिसायला लागले. संध्याकाळी घरून कादंबरी वाचली, तर साइटच्या नोंदींत आमच्या घरचा पत्ता. उगीच हसू आलं.

गुरुवार, ७
काल सकाळी अकराला आमच्या घरच्या पत्त्यावरून कुणीतरी वाचत होतं. लेक शाळेत, मी ऑफिसात, दाराला कुलूप. हेडमास्तर म्हणाले, ताई, चांदणी टाकलीत ना, मग कुणीही यावं, टपली मारून जावं. कुणीही खोटी चिठ्ठी लिहून आत येईल. मध्यस्थांची खरी यादी मागवतो, तोवर झोप उडवून घेऊ नका.

सोमवार, ११
पुन्हा अकराला. मी रात्री ज्या पानावर थांबते, त्याच पानापासून पुढे. पत्ता खोटा लिहिता येतो. माझं पान त्याला कसं कळतं? हेडमास्तर म्हणाले, खातं कुणाच्या हाती लागलं असेल. शुक्रवारीच पासवर्ड बदललाय, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मध्यस्थांच्या यादीसाठी पुन्हा फोन लावला.

मंगळवार, १२, साडेअकरा
लेकीला ताप. घरी एकटीच झोपलीय. आत्ता यादी लावली. फक्त आपल्या मध्यस्थांची चिठ्ठी चालेल, बाकी सगळ्या केराच्या टोपलीत. खोटे पत्ते पटापट गळाले.

एक राहिला. आमच्या घरचा.

म्हणजे तो खोटा नव्हताच. कधीच.

पावणेबारा
लेकीला फोन केला. ती वाचत नव्हती. म्हणाली, बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरतेय, मला वाटलं तूच लवकर आलीस. मी सांगितलं, खोलीला आतून कडी लाव. कुणी काहीही म्हणो, माझा आवाज ऐकल्याशिवाय काढायची नाही. ती रडायला लागली.

बारा दहा, बसमध्ये
हेडमास्तर पोलिसांना कळवतायत. लिहिलं नाही तर मी ओरडेन, म्हणून लिहितेय. बस सिग्नलला उभी. नोंदी फोनवर उघड्या आहेत. तोच पत्ता, पान उलटलं, पुन्हा उलटलं —

बारा तेरा
वाचन थांबलं. तीन मिनिटं झाली, एकही पान नाही. तो उठला असेल. खुर्चीवरून उठून — नको. अजून दोन थांबे.

बारा पंधरा
लेकीचा मेसेज आला. आई, तुझा आवाज आला, कडी काढतेय.

फोन लावतेय. उचलत नाही. मी अजून बसमध्येच — मी तर एक शब्दही —