क्वाएट हॉलमधून कुकिंग हॉलमध्ये

प्रति,
मा. प्रीता कर्णिक,
सहायक संचालक, विद्यार्थी निवास विभाग

विषय : कु. सावनी मोघे हिला क्वाएट हॉलमधून कुकिंग हॉलमध्ये हलवण्याबाबत.
संदर्भ : आपले सोमवारचे फोनवरील शब्द, "काका, मराठीत सविस्तर लिहा, मी वाचते."

महोदया,

१. अर्जदार ट्रॉय, मिशिगन येथे राहतो. मोटार कंपनीत गाडीतला आवाज कमी करण्याचे काम करतो. पत्नी मंजुषा जूनमध्ये कॅन्सरने वारली. मुलगी सावनी ऑगस्टपासून आपल्या कॉलेजात आहे.

२. आपल्याकडे मुलांच्या आवडीप्रमाणे राहण्याचे हॉल आहेत : संगीताचा, बागकामाचा, स्वयंपाकाचा, शांततेचा. निवडीचा फॉर्म एप्रिलमध्ये सावनीच्या आईने भरला. शांतता म्हणजे अभ्यास, असा घरात विचार झाला. आपल्या लोकांत असाच होतो.

३. क्वाएट हॉलमध्ये चोवीस तास मोठ्याने बोलायला बंदी आहे. तक्रार नियमाची नाही. मुले तो फारच चांगला पाळतात, ही तक्रार आहे. ऑक्टोबरमध्ये सावनीच्या वाढदिवसाला अर्जदार श्रीखंड घेऊन गेला. मुलांनी नुसते ओठ हलवून गाणे म्हटले आणि टाळ्यांऐवजी हात हवेत हलवले. डब्याचे झाकण वाजले तेव्हा एका मुलीने ओठांवर बोट ठेवले. सावनी हसली नाही, रडलीही नाही. आई गेल्यापासून ती रडलेलीच नाही.

४. तेव्हापासून अर्जदार दोन-दोन तास गाडी चालवून सात वेळा आला. तीनदा पार्किंगमधूनच परत गेला. आत गेला की बापलेक सोफ्यावर शेजारी बसतात. "कशी आहेस?" "आय अ‍ॅम फाइन, बाबा." तेही कुजबुजत. नियमामुळे पुढचे बोलावे लागत नाही, आणि खरे सांगायचे तर अर्जदाराला ते बरे वाटू लागले आहे. म्हणूनच घाई आहे.

५. परिच्छेद २ मध्ये अर्धेच लिहिले. मंजुषाने फॉर्म आधी कागदावर पेन्सिलने भरला होता. तिने खूण कुकिंग हॉलपुढे केली होती. "चार पोरं ओट्याशी भांडतील, भांडी आपटतील, करमेल तिला," असे ती म्हणाली. "शिकायला चाललीय, पोळ्या लाटायला नाही," असे म्हणून अर्जदाराने ती खोडली. मंजुषाला तेव्हा वाद घालायची ताकद राहिली नव्हती. खुणेचा वळ कागदावर अजून दिसतो.

६. आपण म्हणालात, अर्ज मुलीचा हवा, वडिलांचा चालत नाही. म्हणून वरील पाच परिच्छेद काल सावनीला फोनवर वाचून दाखवले. मग ती म्हणाली, "आईने किचनवालं टिक केलं होतं? आणि तू खोडलंस?" यानंतर ती अर्धा तास अर्जदारावर ओरडली आणि रडली. अर्जदाराने फोन ठेवला नाही. हॉलकडून तिला लेखी ताकीद मिळाली आहे. ती योग्य आहे, रद्द करू नये.

७. मंजुषाची पहिली खूण कायम करावी, एवढीच मागणी आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
चारुदत्त मोघे
१४ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. पेन्सिलने भरलेल्या फॉर्मची प्रत. मूळ कागद देता येणार नाही.
२. हॉल बदलण्याचा अर्ज, सावनीच्या सहीने.
३. आवाज केल्याबद्दल सावनीला मिळालेली ताकीद.