थळच्या हळदीत जाझ

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

मु. अलिबाग,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप धर्मामामांच्या पायांवर, आणि हे ऐकून तुम्ही पाय मागे घेतलेत तर ते जिथे होते त्या जमिनीवर, भाचा हरेश्वर याचा डोकं टेकून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? होडीला नवं शीड चढवलंत असं बाजारात ऐकलं, ते उत्तम झालं. काशीला आणि घरातल्या सगळ्यांना विचारल्याचं सांगा. इकडे आई मजेत आहे. ती रोज तुमची आठवण काढते आणि मला शिव्या देते, यावरून तिची प्रकृती ठीक आहे हे समजेल.

सकाळी अलिबागेहून निघालो तर न्याहारीच्या वेळी मी तुमच्या दारात उभा राहीन, मग टपालाचं तिकीट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दारात उभं राहायची सोय तुम्हीच ठेवली नाहीत. गेल्या मार्गशीर्षात किनाऱ्यावर सगळ्या होड्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, "या चिलमीसकट माज्या उंबऱ्याव पाय ठेवलास तं बग." ती चिलीम म्हणजे माझा सॅक्सोफोन. (आकारात थोडं साम्य आहे हे मी नाकारत नाही. पण चिलीम पितळेची नसते, आणि तिला इतक्या चाव्याही नसतात.) उंबऱ्याबाहेर राहून मला आता सहा महिने होत आले. तो उंबरा मला परत हवा आहे आणि सॅक्सोफोनही सोडायचा नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. थोडं लांबेल, पण तुम्ही मुंबईहून सुकी मासळी विकून आलात की गावातले लोक तुमच्या कानात काहीबाही ओततील, त्याआधी खरी हकिकत माझ्याकडून कळलेली बरी.

आधी तुमच्या रागाचं बोलतो. आमच्या बँडाचे मालक दिनानाथ मास्तर यांनी मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलातून हा सॅक्सोफोन जुना विकत आणला आणि बँडात सगळ्यात भरलेली छाती माझी म्हणून तो माझ्या गळ्यात अडकवला. (छाती तुमच्या होडीवर वल्ही मारून भरली, म्हणजे दोष द्यायचाच तर थोडा तुम्हीही घ्या.) शिकवायला गुरू मिळाले मिंगेल मास्तर. हे गोव्याचे, मुंबईत साहेबांच्या नाचाला वाजवत, आणि तेव्हा छातीच्या दुखण्यामुळे हवा बदलायला अलिबागेत राहिले होते. त्यांनी सांगितलं, पहिले काही दिवस चालबिल नाही, खालचा एकच सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचा नाही. मी आज्ञाधारक माणूस. थळच्या किनाऱ्यावर खडकावर बसलो आणि धरला. आता आपल्या गावात वारा फिरला की भिकूआजा त्याच खडकावरून शंख फुंकतो आणि तो ऐकून होड्या माघारी येतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सूर इतका सुरेख लागला होता की ते डोक्यात आलंच नाही. डोळे उघडले तर गावच्या एकूण एक होड्या जाळी अर्धी ओढून किनाऱ्याकडे येत होत्या, सगळ्यात पुढे तुमची, आणि आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तुमच्या जाळ्यात तेव्हा पापलेट नुकतं शिरू लागलं होतं, हे तुम्ही मला पुढे बऱ्याच शब्दांत सांगितलंत. मात्र मामा, माझा सूर भिकूआजाच्या शंखापेक्षा लांब गेला, हे तुमच्यासारख्या जाणत्या नाखव्याच्याही लक्षात आलं असेलच.

मग मी अलिबागेत राहायला आलो आणि खऱ्या विद्येला लागलो. तिचं नाव जाझ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ती काढली, आणि आता मुंबईतले बडे साहेब पैसे मोजून ती ऐकतात. चाल एकदा सरळ वाजवायची. दुसऱ्या वेळी ती मनातल्या मनात चालू ठेवायची आणि बाज्यातून त्या घटकेला सुचेल ते काढायचं, कागद नाही, पाठांतर नाही, आणि शेवटी बरोबर चालीच्याच दारात येऊन उभं राहायचं. मिंगेल मास्तर त्यांच्या बोलीत म्हणत, "घर खंय आसा तें विसरूं नाका, मागीर खंय जाय थंय भोंवात." म्हणजे घर कुठे आहे ते ध्यानात ठेवा, मग कुठेही भटका. यातलं भटकणं मला फार लवकर आलं. इतक्या लवकर ते जमलेला शिष्य आपण पाहिला नाही, असं मास्तर स्वतः म्हणाले. (घराचं काय, असंही त्यांनी विचारलं होतं, पण तेव्हा ते खोकत होते.)

या विद्येचा पहिला जाहीर प्रयोग अलिबागेतल्या एका वकिलाच्या मुलाच्या वरातीत झाला. त्याबद्दल तुम्ही उलटसुलट ऐकलं असेल. झालं ते असं. चाल पुरी झाल्याशिवाय बँडाने थांबायचं नाही, हा दिनानाथ मास्तरांचा नियम. चाल पुरी झाली हे सगळ्यांना कळायचं माझ्या सॅक्सोफोनवरून, आणि मी तर भटकायला निघालो होतो. काय काय सुचत होतं म्हणून सांगू! मुलीच्या घराचा मांडव आला, सुवासिनी पंचारती घेऊन पुढे झाल्या, पण मला काही घर सापडेना. मी थांबेना म्हणून बँड थांबेना, बँड थांबेना म्हणून घोडा थांबेना, आणि घोड्यावर नवरदेव. अशी ती वरात मांडवावरून पुढे गेली, कोर्टावरून गेली आणि समुद्राला लागली. तिथे पाणी होतं म्हणून सगळे उभे राहिले. मुहूर्त टळला नाही, पण वकीलसाहेब धोतराचा सोगा हातात धरून धावले ते पाहायला अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं. दिनानाथ मास्तरांनी त्या दिवसापासून मला झांजा वाजवायला दिल्या. एवढी गर्दी त्यांच्या बँडाने आजवर कधी जमवली नव्हती, हे त्यांना कोणी समजवायचं?

आता मुख्य गोष्ट, जी सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. तुम्ही मुंबईला होतात तेव्हा थळला तुकाराम नाखव्याच्या सदाची हळद झाली. बँड आमचा. (थळ गाव सगळ्यांचं, उंबरा तेवढा तुमचा, म्हणून मी आलो.) मी सॅक्सोफोन पाठीला बांधून हातात झांजा घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. सोनाबाई धवलारीण धवला गाऊ लागली, म्हणून बँड गप्प. मामा, लहानपणापासून प्रत्येक लग्नात मी तिचं गाणं ऐकत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा कान उघडले. चाल तीच, पण ओळ दर वेळी निराळी. एकदा नवऱ्याच्या हळदीची, एकदा कुणाकुणाला मानपान न देणाऱ्या त्याच्या आत्याची, एकदा होडीतच घोरत पडणाऱ्या त्याच्या बापाची. समोर जो दिसेल त्याला उचलून ओळीत घालायची, वळसे घ्यायची, आणि शेवटी बरोबर त्याच पदावर येऊन बसायची. घर कुठे आहे ते विसरायची नाही. मला दरदरून घाम फुटला. जी विद्या मी खोकणाऱ्या मास्तरांकडून शिकलो ती आमच्याच मांडवात पाटावर बसून पान खात होती.

तिच्या मागून ओळ उचलणाऱ्या येसूबाईचा घसा त्या दिवशी बसला होता. सोनाबाई गायची आणि पुढची जागा रिकामीच जायची. मला राहवेना. झांजा खाली ठेवल्या, सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि त्या रिकाम्या जागेत तिची ओळ हळूच परत केली. सगळा मांडव वळून बघू लागला. दिनानाथ मास्तरांनी डोळे वटारले. सोनाबाईने माझ्याकडे बघितलं आणि मला पाडायला एक आडवळणी ओळ टाकली. ती मी उचलली, तिच्यात माझं थोडं घातलं आणि परत दिली. तिने लय वाढवली, मी वाढवली. ती लांबवर गेली, मीही गेलो, आणि मामा, आम्ही दोघं एकाच वेळी घरी आलो. मला रडू आलं ते मी घामात पुसून घेतलं. सोनाबाई पान थुंकून म्हणाली, "नाकान गातय तुजा बाजा, पन जबाब बरा देतय." गेल्या कित्येक वर्षांत तिने कुणालाही बरं म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही. आता आपल्या गावच्या लग्नात तिच्या मागून मीच वाजवायचं, असं तिने दिनानाथ मास्तरांना बजावलं, आणि झांजा दुसऱ्याकडे गेल्या.

तर मामा, ज्याचा जबाब सोनाबाईला चालतो, तो तुमच्या उंबऱ्याला का चालू नये? विचार करावा. मामींना नमस्कार. लिहिण्यात काही उणंअधिक झालं असेल तर भाचा म्हणून पदरात घ्यावं.

तुमचाच,
हरेश्वर

ता. क. येईन तो सॅक्सोफोनसकट येईन. तो बाहेर ओसरीवर ठेवायलाही माझी हरकत नाही.

ता. क. एक लिहायचं राहिलं. शेवटच्या ओळीत सोनाबाईने माझं नाव घातलं, आणि जोडीला तुमच्या काशीचं. भर मांडवात धवलारणीने दोन नावं एका ओळीत बांधली की गाव ती सहसा सोडवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. काशी हळदीचं ताट घेऊन तिथेच उभी होती. ती ताट ठेवून तडक बाहेर गेली. लाजून गेली की रागावून, मला कळलं नाही, कारण सूर संपवताना माझे डोळे मिटतात. मामाची मुलगी मागायचा भाच्याला हक्क असतो असं लोक म्हणतात. मला हक्काने नको. तिला हवं असेल तरच हवं, आणि तिला नको असेल तर सॅक्सोफोन विकून मी मुकाट्याने तुमच्या होडीवर येईन, त्यानंतर काशीचं नावही काढणार नाही.

ता. क. तुमच्या घरात अक्षर ओळखणारं काशीशिवाय कोणी नाही, तेव्हा हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवणार. तिच्या मनात नसेल तर ती माझ्या सहीपाशी थांबेल, कागदाची घडी करेल आणि पत्र संपलं म्हणून सांगेल. मग तुम्ही ओसरीचं ऐकलं नसेल, सोनाबाईच्या शेवटच्या ओळीचंही नाही, आणि हेही तुम्हाला ऐकू जाणार नाही. पण हे जर तुम्ही आत्ता ऐकत असाल, तर तिच्या आवाजात ऐकताय. म्हणजे तिचा जबाब झाला, मामा. आता तुमचा तेवढा राहिला.