चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

सोमवार, ३ तारीख
आठची गोळी साडेनवाला दिली. दीड तास! घरी मी पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नाही. गोळी चुकली की हे म्हणजे लाकडाचा ओंडका. घास तोंडातल्या तोंडात, नाकावर माशी बसली तरी हात हलत नाही. खुब्याचं हाड मोडलं म्हणून इथे आणलं, तर ह्यांचा कंपवात कोणाच्या खिजगणतीतच नाही.

मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, औषधांची गाडी सगळ्यांना एकदाच फिरते."

मी म्हटलं, "ह्यांच्या अंगाला तुमचं वेळापत्रक वाचता येत नाही, बाई. मीच चौथी नापास, ते काय वाचणार?"

शेजारच्या खाटेवरचा हसला. बाई नाही हसल्या.

मंगळवार, ४
पुन्हा उशीर. व्यायामवाली बाई उभं करायला आली तेव्हा हे खिळ्यासारखे ताठ. तिने कागदावर लिहिलं — रुग्ण सहकार्य करत नाही. अगं, पन्नास वर्षांत मला केलं नाही, तुला काय करतील! पण आज ह्यांचा दोष नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आठवड्यात पाऊल टाकलं नाही तर कायमचं अंथरूण.

घरून गोळ्या मागवल्या. चष्म्याच्या डबीत ठेवल्यात. चष्मा उशीवर लोळतोय.

बुधवार, ५
आठ, बारा, चार, आठ — काट्यावर काटा. दर वेळी पाव तास आधी खाली जाऊन कोमट पाणी आणते आणि गोळी देते. गाडीवरची गोळी उशिरा आली की मी म्हणते, "द्या, मी भरवते," आणि रुमालात गुंडाळते.

हे चार पावलं चालले. वर मलाच म्हणाले, "धरू नकोस, पाडशील."

गुरुवार, ६
आज गाडीवर ह्यांची गोळीच नाही. विसरल्या असणार. बरं झालं, रुमालाचं काम वाचलं.

शुक्रवार, ७
हात एकीकडे, मान दुसरीकडे. अंगात वारं शिरल्यासारखे हलतायत. दुपारी म्हणाले, "खाटेखालच्या कोंबड्या हाकल." मी वाकून पाहिलं. पाहिलं, आता काय लपवू?

डॉक्टर भडकले. "गोळ्या जास्त गेल्यात. कोणी दिल्या?" सगळ्यांनी मोठ्या नर्सबाईंकडे पाहिलं.

मीही पाहिलं.

शनिवार, ८
अंग जरा शांत. ह्यांनाच विचारलं.

"तू पाण्याला गेलीस की नर्सबाई यायची. गोळी द्यायची. मग तू यायचीस."

"मग मला सांगायला जीभ झडली होती?"

"ती म्हणाली, आजीचं खरं होतं, पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल. तू म्हणालीस, बाईला सांगू नका. तुम्हा दोघींपुढे मी बोलणार?"

म्हणून गुरुवारपासून गाडीवर ह्यांची गोळी नव्हती! बाईने माझं ऐकलं होतं, आणि मी तिला विसरभोळी ठरवत बसले.

रविवार, ९
उद्या दहाला चौकशी. बाईंची नोकरी जाईल म्हणतात. थोरला सांगतोय, "आई, आपण मध्ये पडायचं नाही." पडलेलीच आहे मी, पहिल्या दिवसापासून. ह्यांनी तोंड उघडायचं नाही, थोरल्याने बाहेर बसायचं, बाईंना एक अक्षर विचारायचं नाही. डबी टेबलावर ठेवीन. जे विचारायचं ते मला विचारा, उत्तर मी देणार.