दोनशे बारा पॉइंट

सोमवार, १ सप्टेंबर

नेटवर्किंगचं पहिलं प्रॅक्टिकल. विद्यापीठाच्या लॅबमध्ये सोळा टेबलं, त्यातली तीन डुगडुगतात. माझं धरून. पायाखाली कागदाची घडी सरकवली, मगच बसलो.

काम काय, तर केबलच्या टोकांना जॅक बसवणं. पंचवीस वर्षं मी ह्यावरच पोट भरतोय! पण पुढच्या वर्षापासून प्रमाणपत्राशिवाय कंत्राट नाही, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी हजेरी द्यायची. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी, पक्कड उलटी धरलेली. मला म्हणते, "काका, तुम्ही चुकून विद्यार्थ्यांच्या बाजूला बसलात का?"

चार मिनिटांत माझी दोन्ही टोकं तयार. फळ्यावर मॅडमनी रंगांचा क्रम लावला होता, तिकडे बघितलंही नाही. आठ तारा, चार पिळलेल्या जोड्या. माझा क्रम माझा मी बसवलेला — नारिंगीची जोडी, शेजारी हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. डोळ्याला नीट. कुणी शिकवलेला नाही. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. मुलीचे पाच.

बुधवार, ३ सप्टेंबर

मुलीला पक्कड धरायला शिकवली. आता तिचेही आठ लागतात. क्रम मात्र फळ्यावरचाच लावते. त्यात हिरव्याची जोडी फोडून मधे निळ्याची जोडी घुसवलेली. तिला म्हटलं, नवराबायकोच्या मधे सासूसासरे बसवल्यासारखं दिसतं हे. इतकी हसली की मॅडमनी मान वर केली.

सोमवार, ८ सप्टेंबर

लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

आज प्रत्येकाला नव्वद मीटर केबलचं वेटोळं. टोकांना आपापले जॅक लावायचे, एका मशीनवरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवायची, वेळ मोजायची. मुलीची फाइल चाळीस सेकंदांत गेली. माझी — अकरा मिनिटं. मधे दोनदा जोडणी तुटली.

वेटोळं खराब असेल, बदललं. तेच. जॅक कापून नवे लावले. तेच. मशीन बदललं. तेच. मुलगी म्हणाली, "काका, पाणी प्या जरा."

मॅडमनी मोठा टेस्टर आणला. असला मी कधी घेतला नाही, दिव्यांच्या टेस्टरवर भागत होतं. पडद्यावर दोन ओळी लाल. मॅडम अगदी हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन्ही टोकांना क्रम सारखा आहे, म्हणून दिवे लागतात. पण जॅकमधली तिसरी आणि सहावी पिन मिळून काम करतात. त्या दोन्हींवर एकाच पिळातल्या तारा हव्यात. तुमच्या तिसरीवर हिरव्याची आहे, सहावीवर निळ्याची. मग शेजारच्या तारांचा गोंगाट आत शिरतो. छोट्या केबलला ते खपून जातं. लांब केबलला नाही."

म्हणजे फळ्यावर जी जोडी फुटलेली दिसते, तीच शाबूत असते. फोडत होतो मी. पंचवीस वर्षं, नीटनेटकेपणानं.

मुलीनं सहज विचारलं, "अशा किती टाकल्यात, काका?" पिशवी उचलली आणि बाहेर आलो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

दोनशे बारा.

बाकीची कामं लहान, घरगुती. तिथे बहुधा खपून गेलं असेल. पण तीन वर्षांपूर्वी विमा कंपनीच्या कचेरीत दोनशे बारा पॉइंट टाकले. तीन मजले, लांबच लांब केबली. तिथलं नेटवर्क पहिल्या महिन्यापासून रडायचं. मशीनं सांभाळायला होता माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला तिथे चिकटवला होता. चौकशी बसली. तिथल्या साहेबांनी मला लेखी विचारलं, मी लेखी दिलं: 'केबलचे काम निर्दोष असून दोष यंत्रांच्या देखभालीत आहे.' वाक्य अजून पाठ आहे. शाई निळी होती.

बायको तेव्हा म्हणाली होती, "अहो, एखादा पॉइंट उघडून बघा की." मी म्हणालो, "माझं काम मी दुसऱ्यांदा बघत नाही."

मेहुण्याला काढलं, कागदावर 'निष्काळजी' असा शेरा मारून. तेव्हापासून तो झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो. आमच्याकडे येतो, पाणी पितो, जातो. आणि मी हाच शब्द चारचौघांत त्याच्या तोंडावर वापरलाय. एकदा नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

कचेरीत जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचा पॉइंट उघडला. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. काय सुबक काम!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पत्राचे चार मसुदे फाडले. प्रत्येकात 'अनवधानाने' हा शब्द येत होता. खोटा आहे तो. मी बघायला नकार दिला होता.

सोमवार, १५ सप्टेंबर

लॅब बुडवली. पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुम्ही स्वतःहून लिहून देताय? इथलं काम तर जाईलच, बाहेरही बोभाटा होईल."

"होऊ दे. त्याच्या कागदावरचा शेरा तेवढा काढा."

"तीन वर्षं झाली हो."

"म्हणूनच आज काढा."

 साहेबांनी फाइल मागवली. शेरा खोडून खाली सही केली, त्याची प्रत मला दिली. नोकरीचं मात्र — जागा केव्हाच भरली.

आता त्याला तोंड दाखवायचं. बायकोला काही बोललेलो नाही. आधी तो, मग ती.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो, मग सगळं सांगितलं, प्रत समोर ठेवली. मेहुण्यानं यंत्राचं झाकण लावलं. म्हणाला, "भावोजी, मला माहीत होतं. चौकशीच्या आधीच एक टोक कापून बघितलं होतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"ताईला दाखवलं आधी. ती म्हणाली, हे दुसऱ्याकडून कळलं तर ते पुन्हा पक्कड हातात धरायचे नाहीत. तू गप्प बस. तुला काय, दुसरी नोकरी मिळेल."